तेवढा आवाज असतोच

बाईंनी बोट वर केलं आणि म्हणाल्या, "हा बघा, आता. आला ना?" स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडं होतं, आत भिंतीवर घर गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर चालू होता, आणि तो तपासायला आलेल्या मेकॅनिकला तो आवाज ऐकू आला नाही. बाकी सगळं येत होतं. ज्योत पेटल्याची धप्प आली, पंपाची घरघर येत होती, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांकडे पाणी सरकत होतं तेही कळत होतं, पाठीमागे फ्रिज होता. पण ज्या आवाजासाठी बाईंचं बोट वर गेलं होतं, तो या सगळ्यात कुठेच नव्हता. शीळ आहे, त्या म्हणाल्या. बारीक, सुईसारखी. येते, थांबते, परत येते. बाई शाळेत शिकवत. जिन्यात पाय घसरून घोट्याचं हाड मोडलं होतं, म्हणून प्लास्टर घालून त्या घरी होत्या, आणि घरात दुसरं कोणी नसल्यामुळे त्यांची आणि बॉयलरची नको तेवढी ओळख झाली होती. चार दिवस झाले ती शीळ ऐकतेय, दोन दिवस तर डोकंच धरलंय तिनं, असं कुबडीवर भार देत त्या म्हणाल्या. त्याने लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक आतल्या पंख्याच्या पत्र्याच्या कवचावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. पंखा गोल फिरत होता, बेअरिंग शाबूत होतं, पंपात हवा नव्हती. "आता थांबली," बाई म्हणाल्या, आणि लगेच, "आता परत." त्याने मान हलवली. मग तो हसला आणि म्हणाला, "हां. तेवढा आवाज असतोच. जुनं यंत्र आहे." बाईंचा चेहरा सैलावला, पण पूर्ण नाही. त्याने तपासणीच्या कागदावर 'आवाज' या शब्दापुढे 'सामान्य' असं लिहिलं, त्यांची सही घेतली, आणि हत्यारांची पेटी उचलून तीन मजले उतरून खाली आला.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली फिरवली नाही. बाहेर बोचरी थंडी होती, काचेवर त्याच्याच श्वासाची वाफ धरायला लागली होती, आणि ते हसू अजून त्याच्या चेहऱ्यावर होतं. ते त्याला गालांत जाणवत होतं, दुसऱ्याचा सदरा अंगात घातल्यासारखं. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. ओठ जरासे ताणलेले, मान एका बाजूला, नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर. ते आईचं हसू होतं. शेवटची सहा-सात वर्षं आई प्रत्येक बोलण्याला तसं हसायची आणि "हो ना" म्हणायची. शेजारच्या काकू एकदा सांगायला आल्या की नवऱ्याला दवाखान्यात ठेवलंय, तर आई हसून "बरं झालं बाई" म्हणाली होती. त्यावर घरात किती दिवस हसणं चाललं होतं, आणि सगळ्यांत मोठ्यांदा तोच हसायचा. कानांवर पोट भरणारा मुलगा, आणि आई ठार बहिरी. तो तिच्यावर ओरडायचा, शब्द तोडून तोडून बोलायचा, कंटाळला की अर्ध्यातच "जाऊ दे" म्हणायचा. एकदा ती म्हणाली होती, तू पाठ करून बोलतोस रे, मला तुझं तोंड दिसत नाही. त्या वेळी त्याला ती सबब वाटली होती. हसून "हो ना" म्हणताना तिला आतून काय होत असेल, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. आता त्याला ते ठाऊक झालं होतं. काही म्हणजे काही होत नाही. आपण समोरच्याची अडचण दूर करतोय, एवढंच वाटतं.

पण आपल्याला ऐकू येत नाही, हे त्याने मनाशी मान्य केलं नव्हतं. बाईंना भास होत असणार. माणूस एकटा चार भिंतींत बसला की भिंतीसुद्धा बोलायला लागतात. अशी गिऱ्हाईकं त्याने ढिगाने पाहिली होती. आणि कान म्हटलं तर या धंद्यात त्याचाच कान. वर्कशॉपमध्ये त्याला सगळे 'वैद्य' म्हणत. नाडी बघावी तसा तो यंत्राला स्क्रूड्रायव्हर लावी आणि न उघडता आजार सांगे, म्हणून ते नाव पडलं. पुष्कळ गिऱ्हाइकांना ते त्याचं आडनावच वाटे. ऑफिसात तक्रारी लिहून घेणारी पोरगीसुद्धा वर्षभर 'श्री. वैद्य' असं लिहीत होती. ही विद्या वस्तादाची. एकोणिसाव्या वर्षी तो कामाला लागला तेव्हा वस्तादाने पहिले पंधरा दिवस त्याला पान्याला हात लावू दिला नव्हता. नुसता उभा राहा म्हणाला. कोरडं पडलेलं बेअरिंग कसं किरकिरतं, नळीत क्षार बसला की पाणी कसं तडतडतं, गरमीच्या दिवसांत कूलिंगच्या यंत्रातला वायू कमी झाला की ते कसं धापा टाकतं, हे सगळं कानात भरून घे, मग हात घाल. वस्ताद स्वतः म्हातारपणी मोठ्यांदा बोलायचा, रस्त्यावरून मागून येणारी गाडी त्याला कळायची नाही. हे आठवून तो जरा थबकला. पुढे धंद्यात मीटर आले. नळी लावलेलं, डब्याएवढं यंत्र. धुरात काय आहे, खोलीच्या हवेत काय आहे, ते आकड्यांत सांगणारं. प्रत्येक घरी मीटर लावायचा असा कंपनीचा नियम झाला. कंपनीचे मालक बरोबर असले की तो लावायचा. एरवी मीटर गाडीत सीटखाली पडलेला असायचा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी ते खेळणं आहे, असं तो वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर म्हणत असे, आणि लोक हसत असत.

पुढचं काम वीस मिनिटांवर होतं. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ जुना हीटर काढून, उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम हवा देणारं नवं यंत्र बसवणार होते. जागा बघायची, भिंतीचं माप घ्यायचं, बाहेरचा पंखा कुठे टांगायचा ते ठरवायचं, एवढंच आजचं काम. मोजणीवाल्यांनी स्वतःच सगळी मापं आधी घेऊन एका कागदावर आकृती काढून ठेवली होती, आणि त्याची मापं आपल्या मापांशी जुळतात का, यावर त्यांचं बारीक लक्ष होतं. तो शिडीवर चढून भिंतीला टेप लावत होता. ते मागून काही बोलत असावेत. वळला तेव्हा ते कमरेवर हात ठेवून उभे होते. "मी तीनदा विचारलं," ते म्हणाले. रागाने नाही, नोंद करावी तसं. तो म्हणाला, माप घेताना लक्ष नसतं. मग ते म्हणाले, "आणि तुमचं घड्याळ वाजतंय."

त्याने मनगटाकडे पाहिलं. बरोबर बारा वाजले होते. मुलीला नोकरी लागली तेव्हा तिने पहिली भेट म्हणून दिलेलं घड्याळ. दर तासाला दोनदा बारीक टीं-टीं वाजणारं. दोन हिवाळ्यांपूर्वी ते वाजायचं बंद झालं होतं. तो ते घड्याळवाल्याकडे घेऊनही गेला होता. घड्याळवाल्याने एक बटण दाबलं, कानाशी धरलं, "वाजतंय की" म्हणाला आणि परत दिलं. लबाड दिसतो, काम करायचं नाही, असं मनात म्हणत तो दुकानातून उतरला होता. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या उभ्या त्याला हे सगळं एकाच वेळी दिसलं. ती दोन वर्षं घड्याळ वाजतच होतं. दर तासाला, लोकांच्या घरी, जेवताना, झोपेत. या वर्षी आपल्या भागातल्या चिमण्याच गेल्या, असं तो बायकोला म्हणाला होता, आणि ती गॅलरीकडे बघत राहिली होती. फोनवर मुलीचे शब्द हल्ली पुसट येत. मुलगी बोलायला आळशी झालीय, असं त्याला वाटे. शेजारी दार वाजवून गेले तरी उघडायला बायकोच उठे. सगळ्याला काही ना काही कारण होतं, आणि प्रत्येक कारण त्याने स्वतःच शोधून काढलेलं होतं. त्याने विचारलं, अजून वाजतंय का? मोजणीवाले म्हणाले, नाही, दोनदा वाजून थांबलं. हे सांगताना त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि शिडी एका हाताने धरली.

मग त्याला बाईंचं डोकं आठवलं. चार दिवस शीळ, दोन दिवस डोकं धरलेलं. हे शब्द मात्र त्याला सकाळी स्पष्ट ऐकू आले होते. बारीक आवाज कान सोडून देत असेल, तो कानाचा दोष. पण हे वाक्य कानात शिरलं होतं आणि त्याने ते तसंच सोडून दिलं होतं. बंद घर, थंडीमुळे लावलेल्या खिडक्या, दिवसभर आत बसलेला माणूस, जुना बॉयलर आणि डोकेदुखी. पहिल्या वर्षाला असलेल्या पोरालाही हे पाठ असतं. बॉयलरच्या भट्टीचा धूर नळीवाटे बाहेर न जाता कुठून तरी खोलीत यायला लागला, तर त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. माणसाचं डोकं दुखतं, मग झोप येते, आणि ती झोप बरी वाटते. त्याने टेप तिथेच टाकली, मोजणीवाल्यांना म्हणाला, माझं सकाळचं एक काम चुकलंय, जाऊन येतो. त्यांनी काही विचारलं असेल तर ते त्याला ऐकू आलं नाही.

वाटेत त्याने कागदावरच्या नंबरावर फोन लावला. कोणी उचलला नाही. लाल दिव्यापाशी त्याने परत लावला. शेजारच्या गाडीत एक बाई आरशात बघून केस सारखे करत होती, पदपथावर एक माणूस कुत्र्याला ओढत होता, सगळं काचेपलीकडे असल्यासारखं चाललं होतं, आणि इतकी वर्षं हे असंच चाललं होतं का, असं त्याला वाटून गेलं.   सीटखालून मीटर काढून त्याने मांडीवर घेतला. मीटरवर धूळ होती. ती त्याने बाहीने पुसली.

बाईंच्या दाराशी त्याने घंटा दाबली. आत वाजली की नाही ते कळलं नाही. परत दाबली. मग त्याने उजवा तळहात दारावर पसरून ठेवला आणि थांबला. लाकूड थंड होतं. बऱ्याच वेळाने त्या लाकडातून एक ठोका त्याच्या हातात आला, मग दुसरा. कुबडीचा ठोका. तो मोजत राहिला. अकराव्या ठोक्याला दार उघडलं. बाईंचे गाल लाल होते, केस विस्कटलेले. झोप लागली होती, त्या म्हणाल्या, आज अंगच जड झालंय.  उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताना त्याने मीटर समोर धरला होता, त्यावरचा शून्य असायला हवा तो आकडा चाळीसवर गेला, बोळात सत्तरवर, स्वयंपाकघराच्या दारात एकशे दहावर. त्याने बॉयलर बंद केला, गॅसची चावी फिरवली, खिडक्या एकामागून एक उघडल्या, गॅलरीचं दार उघडलं, बाईंना दंडाला धरून गॅलरीतल्या खुर्चीत बसवलं आणि पलंगावरची चादर आणि ब्लँकेट दोन्ही त्यांच्या अंगावर टाकलं. थंडी वाजतेय, त्या म्हणत होत्या. वाजू दे, तो म्हणाला. त्यांच्या बहिणीचा नंबर त्यांच्याकडूनच घेऊन त्याने तिला फोन केला आणि सांगितलं, गाडी घेऊन या, दवाखान्यात न्यायचंय, रक्त तपासायला सांगा, कशासाठी ते मी लिहून देतो.

मग त्याने बॉयलरचं बाहेरचं झाकण काढलं. सकाळी ते काढायला चार स्क्रू आणि दोन मिनिटं लागली असती. भट्टीच्या तोंडावरची रबरी पट्टी उन्हात राहिलेल्या चामड्यासारखी कडक झाली होती आणि दोन बोटं रुंदीची जागा तुटलेली होती. तिथून वर पत्र्यावर काजळीची एक काळी रेघ गेली होती. याच फटीतून धूर दाबाने बाहेर पडत होता, आणि तीच बाईंची शीळ. तो त्या रेघेकडे बघत असताना त्याच्या पाठीमागे काही तरी झालं, म्हणून वळला. बाई गॅलरीच्या दारात, ब्लँकेट गुंडाळून बसल्या होत्या आणि त्याच्याशीच बोलत होत्या.

"सकाळी तुम्ही म्हणालात, तेवढा आवाज असतोच."

"हो."

"मग आता काय झालं?"

हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने ओट्यावर ठेवला. दुसरं काही तरी सांगता आलं असतं. आवाज वाढला असेल, पट्टी आत्ता तुटली असेल, म्हणून खात्री करायला आलो. ही उत्तरं जिभेवर तयार होती, आणि बाईंनी ती मानलीही असती. "मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "सकाळी तुम्ही बोट वर केलंत तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही. मी ऐकू आल्यासारखं केलं."

 वाऱ्याने बाईंचा चेहरा मूळच्या रंगावर यायला लागला होता. "वर्गात मुलं हेच करतात," त्या म्हणाल्या. "फळा दिसत नसतो. पण सांगत नाहीत. शेजारच्याच्या वहीत बघून लिहितात. वर्ष वर्ष कळत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांचं ठीक आहे. ती आठ वर्षांची असतात."

तो हो म्हणाला. बहीण आली, बाईंना घेऊन गेली. दवाखान्यात त्यांना चार तास प्राणवायूवर ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. आणखी एक रात्र त्या घरात गेली असती तर सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं बहिणीने त्याला फोनवर सांगितलं. तिने ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याने "काय?" असं विचारलं. हल्ली त्याने "काय?" असं कोणाला विचारल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो शब्द तोंडातून अवघडून बाहेर आला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती; घालतच राहिली. मला माहीत आहे, म्हणाली. "मग सांगितलं का नाहीस?" असं त्याने विचारल्यावर तिने हातातला सदरा खाली ठेवला. "सांगितलं होतं. चार वेळा. तुम्हाला ऐकू आलं नाही," ती म्हणाली, आणि मग दोघांनाही हसू आलं. तिचं आधी थांबलं. ती म्हणाली, शेवटी शेवटी सासूबाईंशी तुम्ही कसे बोलायचात ते मी पाहिलं होतं, म्हणून मी परत बोलले नाही. मी तुमच्यासमोर येऊन बोलायला लागले, एवढंच. त्याच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. खरोखरच अलीकडे ती काही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून, स्वयंपाकघरातून उठून, त्याच्या समोर येऊन उभी राहायची. वय झालं की बायका अशा जवळ येतात, असं त्याला वाटलं होतं, आणि ते त्याला आवडतही होतं.

कानाच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाड चकत्या लावल्या, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ बटण दाबायची वेळच आली नाही, तेव्हा यंत्र बिघडलंय की काय, असं त्याच्या मनात आलं. ती जुनी सवय. कागदावर आलेली रेघ डावीकडे सरळ होती आणि उजवीकडे जिन्यासारखी उतरत गेली होती. जाड आवाज शाबूत, बारीक आवाज गेलेले. पंखे, ड्रिल, बंद खोल्यांतली मोठी यंत्रं. तीस वर्षांत असं होतं, डॉक्टर म्हणाले. कानातलं यंत्र मिळेल, त्याने बरंचसं काम भागेल, सगळं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने बाईंच्या घरचा जुना बॉयलर उतरवला. त्याच्यामागची भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा फिकी होती, घर नवं असतानाच्या रंगाची. नवा बॉयलर त्यापेक्षा लहान निघाला, त्यामुळे चारी बाजूंनी त्या जुन्या रंगाची पट्टी उरली. त्याने प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासला, धुराच्या नळीत मीटरची नळी घातली, आकडे कागदावर उतरवले, खोलीतली हवा अर्धा तास मोजली. बाई खुर्चीवर बसून बघत होत्या. तपासणीच्या कागदावर 'आवाज' या शब्दापाशी तो थांबला आणि त्याने त्यांना विचारलं, काही आवाज येतोय का? त्या म्हणाल्या, नाही, काही नाही. त्याने लिहिलं, 'गिऱ्हाइकाने ऐकून सांगितलं: आवाज नाही.' असं यापूर्वी कोणी लिहिलं नसावं. बाईंनी ते वाचलं आणि खाली सही केली.

त्याच दिवशी तो मालकांच्या खोलीत गेला. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. खोलीत जाताच त्याने गेल्या तीन हिवाळ्यांचे आपल्या हातचे कागद टेबलावर ठेवले. ज्यांत मीटरची जागा रिकामी होती आणि आवाजापुढे 'सामान्य' होतं, असे कागद वेगळे काढून त्याने त्यांना दोरी बांधली होती. त्रेसष्ट घरं होती. मालकांनी दोरी सोडली नाही. लोकांना काय सांगणार, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, जे आहे ते. मालक म्हणाले, वैद्य, तुम्ही नियमाची तपासणी आहे असं सांगा, काम तेच होईल, आणि आपली अब्रूही राहील. त्याने थोडा विचार केला. काम तेच होणार होतं, हे खरं होतं. पण तो म्हणाला, मीटर सगळं सांगतो, फक्त त्या क्षणाचं सांगतो. शीळ येते-थांबते, ती घरातल्या माणसालाच ठाऊक असते, आणि मला ती ऐकू येत नाही हे त्याला माहीत नसलं तर तो माझ्या भरवशावर राहील. मालक खिडकीकडे बघत बसले. मग तोंड त्याच्याकडे वळवून, जरा सावकाश, म्हणाले की जा, पण तुम्हीच जा, आणि तुम्हीच सांगा.

पहिलं घर एका बसड्रायव्हरचं होतं. सकाळची पाळी संपवून तो नुकताच आला होता, अंगावर अजून गणवेशाचं जाकीट, टेबलावर अर्धा कप चहा, कोपऱ्यात रेडिओ चालू. बॉयलर बोळाच्या टोकाला होता. ड्रायव्हर म्हणाला, दोन वर्षांपूर्वी तुम्हीच आला होतात, सगळं ठीक आहे म्हणाला होतात. तो म्हणाला, हो, मीच. मग त्याने पेटी खाली ठेवली, ड्रायव्हरच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तेव्हाही येत नसावेत. आता मी मीटर लावतो, पण तुम्ही एकदा माझ्यासाठी ऐका."

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं.  जाऊन रेडिओ बंद केला, परत आला, बॉयलरपाशी मान खाली घालून उभा राहिला. त्याचा श्वास थांबला, भुवया जवळ आल्या, तोंड किंचित उघडं राहिलं, आणि त्या दमलेल्या, ओबडधोबड चेहऱ्यावर लहान मुलाचं असावं तसं एक लक्ष उतरलं. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा असा असतो, हे त्याला माहीत नव्हतं. तीस वर्षं लोकांच्या घरात ऐकताना तो स्वतः डोळे मिटून घेत आला होता. आता हातात मीटर धरून, डोळे उघडे ठेवून, तो त्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला.